गिझरऐवजी हीट पंप: कुणाला परवडतो आणि कसा चालवायचा

डिसेंबर-जानेवारीचं वीजबिल आलं की घरातला संशय पहिल्यांदा गिझरवर जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॉट-तास ऊर्जा लागते (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास). त्यात घासाघीस चालत नाही. वीस लिटरची बादली २० अंशांवरून आंघोळीच्या ४० अंशांपर्यंत न्यायला म्हणजे जवळपास अर्धा युनिट. तेच कुणी आठ मिनिटं शॉवर घेतला, तर सत्तरेक लिटर पाणी जातं आणि दीड युनिटाच्या वर खर्च होतो. घरात कॉलेजात जाणारी दोन मुलं असतील तर बिलाचं कोडं इथेच सुटतं.

मग लोक पाच स्टारचा गिझर आणतात. आणावा, पण त्याचे स्टार कशाबद्दल असतात तेही पाहावं. साठवणुकीच्या गिझरवरचे स्टार हे टाकी नुसती तापलेली उभी असताना किती उष्णता गळते, यावर दिलेले असतात. पाणी तापवण्याच्या कामात एक स्टार आणि पाच स्टार यांत फरक जवळजवळ नाही, कारण कॉइल कुठलीही असली तरी एका युनिट विजेची एक युनिट उष्णता करते. त्यापेक्षा जास्त तिच्याकडून होणारच नाही. वापराआधी दहा मिनिटं गिझर लावून लगेच बंद करणाऱ्या घरात स्टारचा फायदा नावापुरताच.

हीट पंप इथेच वेगळा पडतो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेत आहे ती उचलून पाण्यात आणून टाकतो. वीज लागते ती या हमालीपुरती. म्हणून एक युनिट वीज घेऊन तो तीन-चार युनिट उष्णता पाण्यात घालू शकतो. यात जादू काही नाही. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला की गरम लागतं, ती आतल्या भाजी-दुधातून काढलेली उष्णताच असते. एसीचा बाहेरचा युनिट गरम हवा फेकतो तेही तेच. कल्पनाही जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये ती मांडली होती, आणि झुरिकचं नगरभवन १९३८ पासून शेजारच्या लिमॅट नदीच्या पाण्यातली उष्णता घेऊन ऊबदार ठेवलं जात होतं.

पण बारा अंशांच्या बोचऱ्या हवेत उष्णता कुठली? आपल्याला ती थंड वाटते, यंत्रातल्या गॅसला नाही. हीट पंपात बऱ्याचदा वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. बाहेरच्या जाळीच्या कॉइलमधून तो कमी दाबाने फिरतो तेव्हा बारा अंशांची हवासुद्धा त्याच्यापेक्षा गरम असते. त्या उष्णतेवर तो उकळून वाफ होतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यावर ती साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते. ही गरम वाफ टाकीभोवतीच्या नळ्यांमधून जाताना उष्णता पाण्याला देते आणि पुन्हा द्रव होते. मग एका बारीक वाटेतून तिचा दाब सोडला जातो आणि चक्र पुन्हा सुरू. पंख्यातून बाहेर पडणारी हवा आत गेली होती त्यापेक्षा गार असते.

सगळा खर्च अवलंबून आहे तो चढावर. सोसायटीतला पाण्याचा पंप तळटाकीतून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवतो तेव्हा कमी वीज खातो, बाराव्या मजल्यावर चढवतो तेव्हा जास्त. पाणी तेवढंच. हीट पंपाचंही तसंच आहे, फक्त मजल्यांच्या जागी अंश. हवा ३० अंशांची आणि पाणी ५२ अंशांवर न्यायचं, तर चढ २२ अंशांचा. हवा १२ अंशांची असेल तर तेच पाणी त्याच तापमानाला न्यायला चढ ४० अंशांचा. गिझरच्या कॉइलला हे भान नसतं. पहाट असो की दुपार, ती तेवढीच वीज खाते. पुढे निवडीबद्दल आणि वापराबद्दल जे काही येईल, ते शेवटी हा चढ कमी ठेवण्याबद्दल आहे.

माहितीपत्रकातला सीओपी

एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळाली, या आकड्याला सीओपी म्हणतात. दुकानदार चार, साडेचार, कधी पाचही सांगतो. खोटं बोलत असेलच असं नाही, पण अर्धं सांगत असतो. त्याला विचारायचं, हवा किती अंशांची धरून आणि पाणी कितीपासून कितीपर्यंत तापवून? हवा २० अंश, पाणी १५ वरून ५५, अशी चाचणी करून साडेतीन आला असेल तर यंत्र चांगलं आहे. हवा ३५ अंश आणि पाणी फक्त ४५ पर्यंत, असं करून पाच आला असेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मे महिन्यात आंघोळीला कढत पाणी मागतो कोण?

पाणी जितकं जास्त तापवायचं तितका सीओपी उतरतो, दर अंशामागे साधारण दोन-अडीच टक्के. पन्नासच्या जागी साठ अंश लावले की वीस-पंचवीस टक्के फायदा गेला.

आधी बादल्या मोजा

आता पैशाचं. दोनशे लिटरचा बरा हीट पंप बसवून वगैरे लाखाच्या वर जातो. तेवढ्या घराला दोन-तीन गिझर घेतले तर पंचवीस-तीस हजारांत भागतं. म्हणजे वरचे नव्वद हजार तरी विजेच्या बचतीतून निघायला हवेत. माझ्या मते हा हिशेब न मांडता कुणी हीट पंप घेऊ नये, आणि तो मांडला की बऱ्याच घरांना तो घ्यायची गरजच नाही असं दिसतं.

पाच माणसांचं घर घेऊ. तिघं बादलीने आंघोळ करतात, दोघं शॉवरखाली. चाळीस अंशांचं दोनशे लिटर पाणी रोजचं झालं. पुण्यात टाकीत येणारं पाणी थंडीत १८-२० अंशांचं, उन्हाळ्यात २७-२८ अंशांचं. वर्षभराची सरासरी काढली, टाकीतली आणि पाइपातली गळती धरली, तर रोज पावणेचार युनिट उष्णता लागते. गिझरला तेवढीच वीज. हीट पंपाला सीओपी साडेतीन धरून सव्वा युनिटाच्या आत. दिवसाला पावणेतीन युनिट वाचले, वर्षाला हजारेक. हे वाचलेले युनिट बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्यातले असतात हे विसरायचं नाही. महावितरणचे दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढतात आणि वर वहन आकार, वीजशुल्क असतंच. सगळं मिळून युनिटाला बारा रुपये धरले तर वर्षाला बारा हजार. साडेसात-आठ वर्षांत पैसे सुटतात. यंत्र नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं चालतं, म्हणजे सौदा ठीक आहे, फार भारी नाही.

याच घरातले पाचही जण बादलीवाले असते, तर बचत निम्म्यावर येते आणि यंत्राचं आयुष्य संपत आलं तरी पैसे फिटत नाहीत. दोघंच राहतात, दोन बादल्या लागतात, अशा फ्लॅटमध्ये तर हीट पंपाचा विचारही करू नये. तिथे तीन लिटरचा इन्स्टंट किंवा दहा-पंधरा लिटरचा गिझर, वापरापुरता लावला, विषय संपला. उलट बाजूला मोठं एकत्र कुटुंब, होस्टेल, होम-स्टे, दवाखाना, जिम. जिथे दिवसाला हजार लिटर गरम पाणी लागतं तिथे दोन-तीन वर्षांतसुद्धा पैसे निघू शकतात. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या हॉटेलवाल्यांना तर हे गणित पहिल्यांदा करायला हवं, कारण त्यांना गरम पाणी बारा महिने लागतं.

गॅस गिझर वापरणारे विचारतील, आमचं काय? पाइपच्या गॅसचा एक घनमीटर जाळून पाण्यात साधारण पावणेआठ युनिट उष्णता जाते. घनमीटरला पन्नास रुपये धरले तर उष्णतेचं एक युनिट साडेसहा रुपयांना पडलं. कॉइलला तेच बारा रुपयांना, हीट पंपाला साडेतीनच्या आत. म्हणजे गॅसवरून हीट पंपावर आलात तर पैशाची बचत होते, पण विजेच्या गिझरवरून आलेल्याइतकी नाही. गॅस गिझर सोडायचं खरं कारण वेगळं आहे. बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड साठवतो, ज्याला वास नसतो. दरवर्षी थंडीत त्याने माणसं जातात. गिझर बाथरूमच्या आत असेल तर हीट पंप घ्या की घेऊ नका, तो आधी बाहेर काढा.

टाकी केवढी

गिझरची कॉइल दोन-तीन किलोवॉटची असते, पंधरा मिनिटांत टाकी उकळते. घरगुती हीट पंपाचा कॉम्प्रेसर सहाशे-सातशे वॉट खातो आणि सव्वादोन किलोवॉटच्या आसपास उष्णता देतो. दोनशे लिटर पाणी तीस अंश तापवायला त्याला तीन तास लागतात. त्यामुळे टाकी दिवसभराच्या गरजेएवढी हवी, हे यंत्र ऐनवेळी कामाला येणारं नाही.

मघाचंच घर घेऊ. चाळीस अंशांचं दोनशे लिटर पाणी हवं, पण टाकीत ५० अंशांचं असतं आणि त्यात २० अंशांचं नळाचं मिसळतो. हिशेब केला तर टाकीतून १३३ लिटर काढावं लागतं. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत गरम मिळत नाही. खालून गार पाणी भरत येतं, त्यामुळे ऐंशी टक्के पाणी कामाचं. १३३ भागिले ०.८, म्हणजे १६६. दोनशेची टाकी घ्यायची. दीडशे घेतली तर शेवटी आंघोळीला जाणारा रोज ओरडणार, मग पाणी साठ अंशांवर ठेवलं जाणार आणि चढ वाढणार. तीनशे घेतली तर रिकामी गळती. पाहुणे वर्षातून चार दिवस येतात, त्यांच्यासाठी टाकी मोठी करायची नसते.

जागा

इथे सगळ्यात जास्त चुका दिसतात, आणि त्या नंतर सुधारता येत नाहीत.

पहिली गोष्ट वजन. दोनशे लिटरची टाकी भरली की यंत्रासकट अडीचशे किलोच्या वर जाते. ती गिझरसारखी भिंतीला टांगायची नसते, आणि बाथरूमवरच्या माळ्याच्या पातळ स्लॅबवर ठेवायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं, सुताराला नाही. ड्राय बाल्कनी, जिन्याखालची मोकळी जागा, गच्ची, बंगल्याची मागची पडवी, या जागा बऱ्या.

दुसरी गोष्ट हवा. यंत्राला सतत ताजी हवा लागते. कोंदट कपाटात किंवा माळ्यावर बंद करून ठेवलं तर ते स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत राहतं, खोली पंधरा अंशांवर येते आणि चढ वाढत जातो. कॉम्प्रेसर टाकीच्या डोक्यावर असलेला एकजीव प्रकार घ्यायचा तर जागा हवेशीरच हवी. तशी नसेल तर स्प्लिट घ्यावा, टाकी आत आणि यंत्र बाहेर. ड्राय बाल्कनीत ठेवलं तर वॉशिंग मशीनजवळची जागा बाराही महिने गार राहते, उन्हाळ्यात हा फायदाच. आवाज मात्र एसीच्या बाहेरच्या युनिटएवढा येतो, म्हणून शयनगृहाच्या खिडकीला लागून नको. शेजाऱ्याच्या खिडकीलाही लागून नको, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय येतोच.

तिसरी गोष्ट पाइप. यंत्रापासून बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाइप वीस मीटर असेल तर त्यात सहा-सात लिटर पाणी उभं असतं. सकाळी नळ सोडला की ते सगळं गार झालेलं आधी वाहून जातं, आणि आंघोळ संपली की तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून थंड होतं. दिवसातून चारदा असं झालं तर महागाच्या यंत्राने मिळवलेलं बरंचसं ड्रेनेजमध्ये जातं. टाकी बाथरूमच्या जवळ ठेवा, पाइप गरजेपेक्षा जाड घेऊ नका, आणि गरम पाण्याच्या पाइपाला काळ्या फोमचं आवरण घाला. मीटरला काही रुपयांचं हे काम प्लंबर टाळतो, कारण भिंत फोडताना खाच रुंद घ्यावी लागते. त्याच्या मागे उभं राहून करून घ्यावं.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक. खारी हवा बाहेरच्या कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाते. लेप दिलेली, निळसर दिसणारी कॉइल मागून घ्या. आणि सांडपाण्याची नळी सोडायला विसरू नका, कारण दमट हवेतून यंत्र भरपूर पाणी गाळतं. हे ठिबकणारं पाणी वाया गेलेलं नसतं. हवेतल्या बाष्पाचं एक लिटर पाणी होताना जवळजवळ ०.७ युनिट उष्णता सुटते आणि ती तुमच्या टाकीत जाते. दमट हवेची चिडचिड इथे पहिल्यांदाच कामाला येते.

रोज चालवायचा कसा

गिझरची सवय अशी की पहाटे उठायचं, बटण दाबायचं. हीट पंपाला हीच सवय लावली तर तो दिवसातल्या सगळ्यात गार हवेत काम करतो. जानेवारीत पुण्यात पहाटे ११-१२ अंश असतात आणि दुपारी तीनला २९-३०. नाशिककडे, निफाडला, फरक आणखी मोठा. म्हणून टायमर दुपारी बारा-एकला चालू आणि चार-पाचला बंद, असा लावायचा. समजा टाकी ५३-५५ अंशांपर्यंत तापवली. रात्रभरात गळती किती होते? चांगल्या पफच्या (फोमच्या) आवरणाची दोनशे लिटरची टाकी रात्रभरात तीन-चार अंश गमावते. सकाळी सहाला ५० अंश मिळतात आणि ते आंघोळीला पुरतात. रात्रीची गळती सोसूनही हा सौदा पहाटेपेक्षा स्वस्त पडतो. छतावर सौर पॅनेल असतील तर ती वीजही दुपारचीच, आणि स्मार्ट मीटरवर दिवसा सवलत मिळत असेल तर तीही दुपारचीच. एवढ्या गोष्टी एका वेळेवर जुळून येणं विरळाच.

पाणी किती तापवायचं, तर आधी ५० लावून बघा. आठवडाभर कुणी तक्रार केली नाही तर तसंच ठेवा. उन्हाळ्यात ४८ चालेल. त्याच्याही खाली कायम ठेवू नका. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. पन्नासला त्यांची वाढ थांबते, साठला ते मिनिटांत मरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांच्या वर न्यायची. बऱ्याच यंत्रांत त्याची आपोआप सोय असते, ती चालू आहे ना ते पाहा. घरात म्हातारी माणसं किंवा दमेकरी असतील तर यात हयगय नको. आठ दिवस गावाला जाऊन आलात तरी परतल्यावर आधी साठ, मग आंघोळ.

आता याच्याशीच जोडलेली गोष्ट. जवळपास प्रत्येक हीट पंपात दीड-दोन किलोवॉटची कॉइलही असते, अडीअडचणीसाठी. तिला हायब्रीड, बूस्ट, टर्बो असं काहीबाही नाव असतं. बसवायला आलेला माणूस तुम्हाला पाणी लवकर गरम झालेलं दाखवायला ती चालू करतो आणि तशीच ठेवून जातो. मग लाखाचा हीट पंप गिझर होऊन बसतो आणि बिल उतरत नाही. पहिल्याच दिवशी रिमोट किंवा पॅनेल हातात घेऊन फक्त हीट पंपाचा मोड कुठला ते विचारा, त्याला ते लावायला सांगा आणि कॉइल फक्त साठ अंशांच्या साप्ताहिक फेरीपुरती ठेवा. वर्षभर कुणी हात लावत नाही अशी ही एक सेटिंग असते आणि सगळी बचत तिच्यावर टांगलेली असते.

वीज वारंवार जात असेल तर कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये, तीन मिनिटांची उसंत हवी. बहुतेक यंत्रांत ती असते. गावाकडे व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) याबद्दल सांगायची गरज पडू नये, पण पडते.

क्षाराचं पाणी

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरांत गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढऱ्या खडूत बुडते, हे सगळ्यांना माहीत आहे. हीट पंपाचंही तसं होऊ शकतं. ज्या रचनेत गॅसच्या नळ्या टाकीच्या बाहेरून गुंडाळलेल्या असतात आणि पाण्याला लागतच नाहीत, ती रचना अशा पाण्याला बरी. पाणी बाहेरच्या छोट्या अदलाबदल-यंत्रातून फिरवणारे प्रकार मऊ पाण्यात उत्तम, कठीण पाण्यात चोक होतात. कमी तापमान इथेही मदतीला येतं, कारण क्षार साठच्या वर जोरात बसतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे. तीनशेच्या वर असेल तर सॉफ्टनरचा विचार करा. एक लक्षात ठेवा, टीडीएसचं पेन कठीणपणा मोजत नाही, त्याची वेगळी चाचणी असते.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवते. कठीण पाण्यात ती वर्षा-दीड वर्षाने उघडून पाहावी लागते. एएमसीच्या कागदावर हे लिहिलेलं आहे का ते सही करण्याआधी बघा.

सौर बंब असताना

पुण्यात बऱ्याच इमारतींवर सौर बंब आहेत, महापालिका त्यासाठी मालमत्ता करात सवलतही देते. चांगल्या उन्हात त्यांच्याशी कुणी बरोबरी करू शकत नाही, चालवायचा खर्च शून्य. अडचण जून ते सप्टेंबरची. ढग असतात आणि मग टाकीतली कॉइल दिवसभर जळते. हीट पंपाला मात्र पावसाळा आवडतो, हवा २३-२४ अंशांची आणि बाष्पाने भरलेली. त्यामुळे चालू सौर बंब काढून हीट पंप लावण्यात अर्थ नाही, त्या बंबाच्या कॉइलच्या जागी हीट पंप जोडण्यात आहे. सोसायटीने नवीन काही करायचं ठरवलं असेल तर हा जोड आधी तपासावा. मध्यवर्ती यंत्र बसवताना गरम पाणी पाइपांतून चोवीस तास फिरवत ठेवायची पद्धत असते, ती टाळा. सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी दोन तास फिरवलं तरी पुरतं. नाहीतर सात मजल्यांचे पाइप रात्रभर भिंती तापवत बसतात.

नवीन घर असेल आणि छत एकच असेल, तर मी सौर बंबापेक्षा वीज देणारी पॅनेल लावून त्यावर हीट पंप चालवेन. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि मे महिन्यात गरम पाणी नको असेल तेव्हा तीच वीज पंख्याला-एसीला लागते. सौर बंब तेव्हा नुसता उकळत उभा असतो.

परदेशातल्या मंडळींसाठी थोडं

इंग्लंड-जर्मनीत राहणाऱ्यांसाठी हीट पंप म्हणजे मुख्यतः घर गरम ठेवणारं यंत्र. इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅस बॉयलर काढून तो बसवायला सरकार ७,५०० पाउंड देतं. नियम तोच, चढ कमी ठेवा. गॅस बॉयलर रेडिएटरमध्ये ६०-७० अंशांचं पाणी सोडतो, हीट पंपाला ते ४५ च्या आत आणि जमिनीखालच्या नळ्यांसाठी ३५ च्या आसपास हवं. म्हणून रेडिएटर मोठे लागतात आणि खिडक्यांच्या फटी आधी बुजवाव्या लागतात. इथली काटकसरीची सवय तिथे उलटी पडते. घरी आल्यावर लावायचा, निघताना बंद करायचा, असं केलं की गार पडलेलं घर पटकन तापवायला यंत्र पाणी जास्त गरम करतं आणि कॉइलचीही मदत घेतं. तो मंद आचेवर दिवसभर चालू द्यायचा आणि बाहेरचं तापमान बघून पाण्याचं तापमान आपोआप बदलणारी सेटिंग चालू ठेवायची.

बरोबर चाललाय की नाही

हे घरच्या घरी तपासता येतं. सोळा अँपिअरच्या सॉकेटला लावायचं वीज मोजणारं छोटं मीटर मिळतं, हजार-दीड हजारात. सकाळच्या आंघोळी आटोपून टाकी गार झालेली असताना पॅनेलवरचं तापमान लिहून घ्या. दुपारची फेरी संपली की पुन्हा बघा. दोनशे लिटर पाणी २५ वरून ५२ वर गेलं असेल तर त्यात सव्वासहा युनिट उष्णता गेली. मीटरवर पावणेदोन ते दोन युनिट दिसले तर यंत्र सांगितल्याप्रमाणे काम करतंय. पाच-सहा दिसले तर कॉइल चालू राहिली आहे. तीनच्या वर असेल आणि कॉइल बंद असेल तर मागची जाळी बघा. ड्राय बाल्कनीतल्या यंत्रावर कपड्यांच्या धाग्यांचा आणि धुळीचा थर बसतो. मऊ ब्रशने तो काढा, पट्ट्या वाकवू नका. जाळी स्वच्छ असून आणि पंखा फिरत असूनही बाहेर पडणारी हवा हाताला गार लागत नसेल तर गॅस कमी झालेला असतो, आणि सर्व्हिसवाल्याला बोलावण्यापलीकडे तिथे आपल्याला काही करता येत नाही. तो आला की नुसता गॅस भरून जाऊ देऊ नका, गळती कुठे होती ते दाखवायला लावा.